अल्किओनी : खंड्याचे नाव ल्यालेली लेक

ग्रीसमध्ये मारिया, एलेनी, कातेरिना ही नावे घरोघरी सापडतात. आजी-आजोबांचे नाव नातवंडाला ठेवायचे, बाप्तिस्म्याला संताचे नाव घ्यायचे, ही तिथली जुनी रीत. त्यामुळे तीच नावे पिढ्यानपिढ्या फिरत राहतात. या गर्दीत ‘अल्किओनी’ नावाची मुलगी क्वचितच भेटते. मला मात्र ग्रीक नावांत हेच सर्वांत लाडके वाटते.

प्राचीन ग्रीकमध्ये ‘अल्किऑन’ म्हणजे खंड्या पक्षी. हा शब्द ग्रीकांच्याही आधीच्या भाषेतून आला असावा, असे मानणारे अभ्यासक आहेत. पण अर्थ लागल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही. ‘हाल्स’ म्हणजे समुद्र आणि ‘किओ’ म्हणजे गर्भ धारण करणे, अशी फोड करून त्यांनी अर्थ लावला : समुद्रावर अंडी उबवणारी. फोड चुकीचीच, पण तिच्यामुळे शब्दाला ‘ह’ चिकटला आणि तो इंग्रजीत ‘हॅल्सिऑन’ झाला.

होमरच्या ‘इलियड’मध्ये, नवव्या सर्गात, हे नाव एका लेकीला घरात मारायच्या हाकेसारखे येते. मेलिआग्रॉसची पत्नी क्लिओपात्रा हिला आई-वडील अल्किओनी म्हणत. कारण तिची आई मार्पेसा हिला अपोलोने पळवून नेले, तेव्हा ती खंड्याच्या मादीसारखी आक्रंदली होती. आईचे रडणे लेकीच्या नावात राहिले.

या नावाची सर्वांत प्रसिद्ध कथा रोमन कवी ओव्हिडने ‘मेटामॉर्फोसिस’च्या अकराव्या भागात सांगितली आहे. वाऱ्यांचा अधिपती इओलस, त्याची मुलगी अल्किओनी आणि तिचा नवरा केइक्स. कौल घ्यायला केइक्स समुद्रमार्गे निघाला. वारे कसे असतात हे माहेरीच पाहिलेली अल्किओनी ‘जाऊ नका’ म्हणून विनवत राहिली. जहाज वादळात बुडाले. इकडे ती त्याच्या सुखरूप परतीसाठी देवीपुढे धूप जाळत होती. शेवटी निद्रादेवाचा मुलगा मॉर्फिअस केइक्सचे रूप घेऊन तिच्या स्वप्नात आला आणि खरे काय ते सांगून गेला. पहाटे किनाऱ्यावर प्रेत वाहत आले. तिने पाण्याकडे झेप घेतली आणि झेपेतच तिला पंख फुटले. देवांनी दोघांचेही पक्षी केले. भर हिवाळ्यात सात दिवस ती समुद्रावर तरंगत्या घरट्यात अंडी उबवते, तेव्हा इओलस नातवंडांसाठी वारे कोंडून ठेवतो.

अ‍ॅरिस्टॉटलने हे दिवस चौदा सांगितले : वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आधीचे सात आणि नंतरचे सात. आजही ग्रीसमध्ये ऐन थंडीत ऊन पडले, वारा पडला, की लोक म्हणतात, ‘अल्किओनिदेस मेरेस’ आले, अल्किओनीचे दिवस आले. हवेचा दाब वाढून आकाश निवळते, हे त्याचे कारण. खंड्या समुद्रावर घरटे बांधत नाही. तो मातीच्या दरडीत बीळ कोरतो. तरीही त्या उबदार दिवसांना एका बापाची माया चिकटली, ती सुटली नाही.

पुढे पक्षिशास्त्रज्ञांनी अल्किओनी-केइक्सची जोडी शास्त्रीय नावांत पुन्हा जवळ आणली. आपल्याकडे तळ्याकाठच्या तारेवर बसणारा, पांढऱ्या गळ्याचा, निळ्या पंखांचा खंड्या म्हणजे ‘हॅल्सिऑन स्मिर्नेन्सिस’. आणि पावसाळ्यात कोकणातल्या ओढ्याकाठी वीण करणारा, मुठीत मावेल एवढा, रंगांची उधळण करणारा तिबोटी खंड्या म्हणजे ‘सीक्स एरिथाका’. सीक्स म्हणजेच लॅटिन वळणाचा केइक्स. वादळात हरवलेला नवरा आमच्याकडे पावसाबरोबर येतो, हे कळल्यापासून कर्नाळ्याच्या जंगलातला तिबोटी मला वेगळाच दिसतो.

ग्रीक पुराणांत आणखी एक अल्किओनी आहे : अ‍ॅटलसच्या सात मुलींपैकी एक. या सात बहिणी आकाशात गेल्या, त्याच आपल्या कृत्तिका. त्या पुंजक्यातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याचे नाव अल्किओनी. आपल्या ज्योतिषात तोच कृत्तिकांचा योगतारा. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ४४० वर्षे लागतात.

दिवाळीच्या पाडव्याला कार्तिक लागतो. या महिन्याला नाव दिले ते कृत्तिकांनीच, कारण पौर्णिमेचा चंद्र त्यांच्याजवळ असतो. ग्रीसमध्ये अल्किओनी नावाच्या मुली थोड्या; आपल्याकडे कृत्तिका बऱ्याच घरांत आहेत. कार्तिकात अंधार पडल्यावर त्यांपैकी एखादीला अंगणात बोलवा, पूर्वेकडचा तो पुंजका दाखवा आणि सांगा, तिथे तुझी एक ग्रीक मैत्रीण राहते.