तुती ओळखायची कशावरून?

तुतीच्या एकाच फांदीवरची तीन पानं तोडून शेजारी शेजारी ठेवली, तर ती एकाच झाडाची आहेत यावर पटकन विश्वास बसत नाही. एक बदामाच्या आकाराचं, अखंड. दुसऱ्याला खोल खाचा. तिसऱ्याची एकच बाजू कातरलेली. जोमदार कोवळ्या फुटव्यावर खाचा जास्त दिसतात, जुन्या फांदीवर कमी. पानावरून झाड ओळखणारे जाणकारही इथे चकतात.

कुळाबद्दल मात्र वाद नाही. तुती मोरेसी कुळातली, म्हणजे वड, पिंपळ, उंबर आणि फणस यांची सख्खी भावकी. देठ मोडला की पांढरा चीक येतो, ही त्या घराण्याची खूण. फळाची घडणही तशीच विलक्षण आहे. आपण जिला एक तुती म्हणतो, ती फुलांच्या अख्ख्या घोसापासून झालेली असते. तिचा एकेक मणी म्हणजे एकेका फुलाचं फळ. खाताना लागतो तो रसाळ भाग फुलाच्या परिदलांचा. ती गळून पडत नाहीत, फुगून गरदार होतात. फणसाचा गराही असाच तयार होतो.

खरी गुंतागुंत पुढे आहे, जातींची. १७५३ मध्ये लिनियसने ‘मोरस’ या प्रजातीत अल्बा, नायग्रा, रुब्रा, इंडिका अशा जाती नोंदवल्या. त्याने त्यांतच बसवलेली कागदी तुती पुढे ब्रुसोनेशिया या वेगळ्या प्रजातीत गेली. नावांवर विसंबावं तर अल्बा म्हणजे पांढरी तुती पांढरी, गुलाबी, जांभळी, अगदी काळीभोरही फळं धरते. पानं आणि रंग दोन्ही बेभरवशाचे ठरल्यावर जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ कोइद्झुमी यांनी १९१७ मध्ये स्त्रीफुलातल्या बारीकशा दांड्याची लांबी हा आधार धरला. ती बघायला भिंग लागतं. तोवर आणि त्यानंतरही नावांची भर पडतच राहिली. एकूण नावं दीडशेच्या वर गेली. २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी डीएनएच्या आधारे जाती फक्त आठ ठरवल्या. तीही शेवटची आकडेवारी म्हणता येत नाही.

गुणसूत्रं पाहिली की गोंधळाची खोली कळते. पांढऱ्या तुतीत ती साधारणपणे २८ असतात, काळ्या तुतीत म्हणजे नायग्रात तब्बल ३०८! सपुष्प वनस्पतींतल्या सर्वांत मोठ्या आकड्यांपैकी हा एक.

शिवाय तुती वाऱ्यावर फळते आणि जाती एकमेकींत मिसळतात. पांढऱ्या तुतीचा पुंकेसर ताणलेल्या स्प्रिंगसारखा सुटतो. अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये तो वेग मोजला, तेव्हा ध्वनीच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक भरला. रेशमासाठी माणसाने पांढरी तुती चीनबाहेर जगभर नेली, आणि उत्तर अमेरिकेत तिचा स्थानिक लाल तुतीशी संकर होऊ लागला. कॅनडात लाल तुती आज संकटग्रस्त आहे. शुद्ध लाल झाड कोणतं आणि संकरित कोणतं, हे पानांवरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी डीएनए तपासावा लागतो. वर्गीकरण हा केवळ कपाटातल्या नमुन्यांचा विषय नाही, हे इथे स्पष्ट दिसतं.

मराठवाड्यातला रेशीम शेतकरी मात्र जातीपेक्षा वाण विचारतो. त्याच्या बागेत बहुधा व्ही-१ असते, म्हैसूरच्या केंद्रीय संस्थेने संकरातून काढलेली. छाट कलमांनी लावलेली ती झाडं एकसारखी वाढतात, छाटणीनंतर भराभर पाला देतात आणि अळ्यांना तोच हवा असतो.