सायकल मिळते, मेकॅनिकच्या मजुरीचे काय?

ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्या माणसाला अर्जाचा निकाल लागेपर्यंत सहसा नोकरी करता येत नाही. वर्षभर ताटकळल्यावर परवानगी मागता येते, तीही ठरावीक कामांपुरती. जेवणाची सोय असलेल्या निवाऱ्यात ठेवलेल्यांना २०२४ साली सरकारकडून आठवड्याला ८.८६ पौंड मिळत. लंडनच्या बसचे तिकीट तेव्हा १.७५ पौंड होते. म्हणजे बसचे पाच प्रवास केले की आठवड्याचा भत्ता संपला! वकील, डॉक्टर, इंग्रजीचा वर्ग यांतले नेमके काय सोडायचे, हे मग खिसाच ठरवतो. ही अडवणूक दूर करण्यासाठी जेम स्टाइन यांनी २०१३ साली लंडनमध्ये ‘द बाइक प्रोजेक्ट’ सुरू केला. लोकांनी दान केलेल्या जुन्या सायकली दुरुस्त करून ही संस्था निर्वासितांना देते, सोबत कुलूप, दिवे आणि हेल्मेटही. काही सायकली विकून ती खर्चाला हातभार लावते.

सायकलीने खरेच एवढा फरक पडतो का? बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, आणि वाढ मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटरहून दूरच्या गावांत दिसली. पैशापेक्षा अंतर हीच अडचण होती, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. मात्र त्या सायकली कोऱ्या होत्या. जुनी सायकल तेवढीच भरवशाची करायची, तर चाकाचा आउट काढावा लागतो, ब्रेकच्या केबल आणि रबर बदलावे लागतात, झिजलेल्या चेनबरोबर बहुधा फ्रीव्हीलही नवे घालावे लागते. सायकल फुकट मिळते, हे श्रम फुकट मिळत नाहीत. माझ्या मते अशा उपक्रमांचे यश जमवलेल्या सायकलींच्या संख्येवर कमी आणि मेकॅनिकच्या नियमित पगारावर जास्त अवलंबून असते. देणगीदार मात्र वाटलेल्या सायकलीच मोजतात, हे मला फार खटकते.

गरिबांच्या गळ्यात जुने का मारायचे, हा आक्षेप दुरुस्ती वरवरची असेल तेव्हा पूर्ण खरा आहे. पहिल्या उतारावर ब्रेक लागला नाही, तर ते दान जिवावर बेतू शकते. नीट जुळवलेली पोलादी सायकल मात्र वर्षानुवर्षे चालते. त्याऐवजी बसच मोफत करा, असेही म्हटले जाते. ती मागणी रास्तच आहे. पण बस मोफत होईपर्यंत वकिलाची तारीख थांबत नाही, आणि पावसापाण्यात किंवा आजारपणात बस लागतेच. दोन्ही हवे.

सर्वांत अवघड आक्षेप बायकांविषयीचा आहे: ज्यांना लहानपणी सायकलला हातच लावू दिला नाही, त्यांनी ती घेऊन काय करावे? म्हणून ‘द बाइक प्रोजेक्ट’ निर्वासित स्त्रियांना सायकल शिकवतो. तमिळनाडूतील पुदुकोट्टईत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी साक्षरता मोहिमेतच सायकल शिकवणे घेतले, आणि हजारो ग्रामीण स्त्रिया उघड्या रस्त्यावर ती चालवू लागल्या. तिथेही सायकलीइतकीच शिकवणाऱ्यांची गरज होती.