मधुमेहाचे ताट आणि लोकांचे बोल

लग्नाची पंगत बसलेली असते. वाढणारे आप्त बासुंदीचे भांडे घेऊन समोर येतात. वाटीवर हात आडवा धरला, की 'एवढ्याने काय होते, आज घरचे कार्य आहे' असा आग्रह सुरू होतो. आग्रह मोडवेना म्हणून दोन चमचे घेतले, की शेजारून दुसरा सूर निघतो, 'अहो, तुम्हाला तर शुगर आहे ना?' दोन्ही बोलण्यांमागे मायाच असते. परंतु या कात्रीत वारंवार सापडलेला माणूस शेवटी तिसरा मार्ग धरतो. तो आपला आजार लपवू लागतो.

एका तालुक्याच्या गावी धान्याची आडत चालवणाऱ्या पन्नाशीतील गृहस्थांनी हेच केले. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती, बाजारात पत सांभाळायची होती. म्हणून गोळ्यांची पाकिटे कपाटात, वह्यांच्या मागे राहिली. पर्युषणात आदल्या सायंकाळी सूर्यास्तापूर्वी जेवून त्यांनी नेहमीची गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी उपवास धरला. गोळीचा परिणाम दीर्घकाळ टिकणारा होता. दुपारी गादीवर बसल्या बसल्या त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, नोटांची मोजणी तीनदा चुकली. मुनीमजींना वाटले, उपवासाचा थकवा असेल. 'जरा पडा' म्हणून त्यांनी उशी दिली. सुदैवाने मुलगा दुकानात आला आणि त्याने डॉक्टरांना बोलावले. रक्तातील साखर ५० च्या खाली गेली होती. आणखी अर्धा तास कोणाच्या लक्षात आले नसते, तर प्रसंग जीवावर बेतला असता. घात आजाराने केला नव्हता. तो कोणालाच ठाऊक नव्हता, याने केला होता.

वस्तुतः यात लपवण्यासारखे काही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

गैरसमजांची थकबाकी

'गोड फार खाल्ले, म्हणून झाला', हा पहिला गैरसमज. आनुवंशिकता, पोटाभोवतीची चरबी, बैठे काम आणि वाढते वय ही कारणे एकत्र येतात. दिवसातील दहा तास गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याने मिठाईला स्पर्श केला नाही, तरी तो सुरक्षित ठरत नाही.

'आमच्या घरी बटाटा शिजत नाही, मग मधुमेह कसा?' हा प्रश्न जैन घरांत हमखास निघतो. बटाट्याच्या जागी आलेले कच्चे केळे हेही पिष्टमयच असते, हे आपण विसरतो. 'साखर नको, गूळ चालतो', हाही असाच समज. गुळात मुख्यत्वे साखरच असते. खडीसाखर तर शुद्ध साखर होय. 'शुगर फ्री' मिठाईत साखर नसली, तरी मावा, मैदा आणि तूप असतेच.

ज्वारीच्या भाकरीचेही तसेच. ती तंतुमय आहे, पोटभरीची आहे; परंतु १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात, जवळपास गव्हाइतकीच. 'भाकरी चालते' म्हणून दोनाऐवजी चार खाल्ल्या, तर लाभाचा तोटा होतो. कारल्याचा रस हौसेने घ्यावा, पण त्याच्या भरवशावर गोळी बंद करू नये.

रोजमेळ आणि ताळेबंद

व्यापारी कुटुंबाला हा आजार हिशेबाच्या भाषेत चटकन उमगतो. घरच्या ग्लुकोमीटरवरचा आकडा हा रोजमेळ. तो एका क्षणाची शिल्लक सांगतो. आज वाढला, उद्या उतरला. एचबीए१सी ही तपासणी म्हणजे तिमाही ताळेबंद. साधारण तीन महिन्यांची सरासरी तीत दिसते. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आढळल्यास मधुमेहाचे निदान होते. पुष्कळ प्रौढ रुग्णांसाठी ते ७ टक्क्यांच्या आत राखणे हे ध्येय असते; वय व प्रकृतीनुसार डॉक्टर ते ठरवतात. एका वाटी बासुंदीने ताळेबंद बुडत नाही आणि एका दिवसाच्या उपवासाने तो सावरतही नाही. रोजची शिस्तच शेवटी खात्यात दिसते.

जैन स्वयंपाकघरातील ताट

ताटाचा सोपा नियम असा: अर्धे ताट भाजीचे, पाव ताट डाळी-उसळींचे आणि पाव ताट पोळी, भाकरी वा भाताचे. कंदमुळे वर्ज्य असली, तरी दुधी, दोडका, पडवळ, भेंडी, गवार, तोंडली, कारले, कोबी एवढी समृद्धी हाताशी असते.

अडचण येते ती हिरवी भाजी न खाण्याच्या तिथींना. ताटाचा अर्धा भाग मोकळा पडतो आणि तो पोळी, भात, खाखरा, पापड यांनी भरला जातो. पिष्ट वाढते, मीठही वाढते. अशा दिवशी मुगाचे घट्ट वरण, अख्ख्या मुगाची किंवा हरभऱ्याची उसळ, मुगाचे धिरडे अथवा कांद्याविना केलेले पिठले यांना अधिक जागा द्यावी आणि पोळी एकच घ्यावी. खाखरा हलका लागतो, पण तो गव्हाचाच असतो. चार खाखरे म्हणजे न्याहारी नव्हे, जेवणच होय.

सूर्यास्तापूर्वी भोजन ही मधुमेहींसाठी एका परीने चांगली सवय. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालायला वेळ मिळतो. मात्र डिसेंबरात सायंकाळी सहाला जेवण आटोपले आणि सकाळी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी पाळली, तर मधले अंतर जवळजवळ १४ तासांचे होते. इन्सुलिन किंवा साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने हे अंतर डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, म्हणजे मात्रा व वेळ त्यानुसार बसवता येते. उपवास, एकासणे, आयंबिल यांविषयीही आधी डॉक्टरांशी आणि मग गुरूंशी बोलावे. पच्चक्खाणात 'आगारां'ची, म्हणजे सवलतींची तरतूद मुळातच आहे.

साखर ७० च्या खाली गेली, तर चहाचे तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. त्या वेळी पेढा वा बर्फी उपयोगाची नाही. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे.

इन्सुलिनचा धसका

'इन्सुलिन लागले म्हणजे संपले' हे वाक्य अनेकांना उपचारापासून दूर ठेवते. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घरांत आणखी एक संकोच असतो: हे औषध प्राण्यांपासून निघते काय? १९२१ साली टोरंटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांना इन्सुलिन वेगळे करण्यात यश आले. त्यानंतर सुमारे सहा दशके ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जात असे. तेव्हाचा संकोच निराधार नव्हता. १९८२ साली जनुकतंत्राच्या साहाय्याने जिवाणूंकरवी बनवलेले मानवी इन्सुलिन वापरात आले आणि आज मिळणारे जवळजवळ सर्व इन्सुलिन जिवाणू वा यीस्टच्या द्वारेच तयार होते. ज्यांना शंका असेल, त्यांनी औषधविक्रेत्याकडून खात्री करून घ्यावी. परंतु शंकेपायी उपचार टाळू नयेत.

लोकांशी बोलताना

आग्रहाला उत्तर देताना रागाची वा लाजेची गरज नाही. 'माझे माप झाले, आता तुमच्याशी गप्पा हव्यात' एवढे हसून सांगितले, तर यजमानाचा मान राहतो आणि ताटही राखले जाते. घरच्यांनी दोन पथ्ये पाळावीत: चारचौघांत आजारपणाचा पुकारा करू नये आणि मधुमेह्यासाठी वेगळे, बेचव ताट मांडू नये. कमी तेलाचे, भाजीने भरलेले जेवण सर्वांनाच हितकर आहे. सुनेने सासऱ्यांसाठी केलेला बदल नातवंडांच्याही कामी येतो.

त्या आडतदार गृहस्थांच्या मुलीचे लग्न ठरले, ते बैठकीत त्यांनी स्वतः आजार सांगितल्यानंतरच. व्याह्यांनी हसून खिशातून आपली गोळ्यांची डबी काढून दाखवली. आता आडतीच्या गल्ल्यात पावतीपुस्तकाशेजारी ग्लुकोजचा डबा असतो, आणि तो कुठे आहे व केव्हा उघडायचा, हे मुनीमजींना ठाऊक आहे.