दुकान मुलाच्या नावावर, सांभाळ कोणाच्या नावावर?

जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावात धंदा आणि संसार बहुधा एकाच छताखाली चालतो. पुढे दुकान, मागे घर. गादीकाम असो, शिवणकाम असो की किराणा, बाप थकला की गल्ला मुलाकडे येतो. मालाची मोजणी होते, उधारीची वही समजावून दिली जाते. पण बाप अंथरुणाला खिळला तर दर दोन तासांनी त्याची कूस कोण बदलणार, गोळ्या वेळेवर कोण देणार, दवाखान्यात सोबत कोण जाणार, याची नोंद मात्र कोणत्याच वहीत नसते.

हे कामच आहे आणि त्याला वेळ व पैसा लागतो. जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील कितीतरी गावे खारपाणपट्ट्यात येतात. या भागात किडनीच्या विकाराची तक्रार जुनी आहे. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन ते तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्रावर राहावे लागते. जाणे-येणे धरले तर सोबत गेलेल्या माणसाचा पुरा दिवस जातो. आठवड्याला दोनच फेऱ्या धरल्या तरी हातावर पोट असलेल्या कारागिराची महिन्याला आठ-नऊ दिवसांची मजुरी बुडते. ७० वर्षांवरील वृद्धांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय ऑक्टोबर २०२४ पासून झाली आहे, त्याचा लाभ जरूर घ्यावा. मात्र त्यातून दवाखान्याचा खर्च निघतो, घरच्या सेवेचा नाही.

घरची सेवा बहुतेक ठिकाणी सूनच करते. तिचे शिलाई मशीन बंद पडते, त्या तोट्याचा हिशेब कोणी धरत नाही. पगारी मदतनीस ठेवली तर तिला पगार, सुट्टी आणि ठरलेले तास मिळतात. सुनेला यातले काहीच मिळत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी २००७ साली केंद्राने कायदा केला. त्यातील ‘अपत्ये’ या शब्दात मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात. सून त्या यादीत नाही. म्हणजे जबाबदारी मुलाची आणि राबणारी मात्र दुसरीच.

या कायद्याखाली ६० वर्षांवरील व्यक्तीला स्वतःच्या उत्पन्नातून किंवा मिळकतीतून निर्वाह होत नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हे कार्यालय जळगाव जामोदलाच आहे. वकील देण्याची सक्ती नाही. दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. व्यापाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे ते कलम २३ कडे. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते.

आपल्यात हिबा तोंडीही होतो. देणाऱ्याने दिले, घेणाऱ्याने स्वीकारले आणि ताबा दिला की तो पूर्ण झाला. हनफी कायद्याप्रमाणे मुलाला ताबा दिल्यावर हिबा मागे घेता येत नाही. अशा वेळी ‘सांभाळायचे ठरले होते’ हे सांगून भागत नाही. अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. याउलट मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका आईने २०१९ मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिले, तेव्हा सांभाळाचे वचनपत्रही झाले होते. मुलाने ते खोटे ठरवण्याचा प्रयत्न केला. तरी जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द करून मिळकत आईला परत देवविली. तो कागद नसता तर तिची बाजू फार लंगडी पडली असती.

म्हणून व्यापारी व कारागीर बंधूंनी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, शक्यतो हयातीत धंदा चालवायला द्यावा, मालकी आपल्याकडे ठेवावी. द्यायचीच असेल तर अट लेखी घालावी आणि मजकुरासाठी जाणकार वकील व आलिम दोघांचाही सल्ला घ्यावा. दुसरी, भावंडांनी एकत्र बसून कोण वेळ देणार आणि कोण पैसा देणार हे ठरवावे. शहरात नोकरी करणाऱ्या भावाने पैसे पाठवावेत, लेकीलाही विचारात घ्यावे. तिसरी, घरात जी सेवा करते तिच्यासाठी दुकानाच्या उत्पन्नातून दरमहा ठरावीक रक्कम वेगळी काढावी आणि आठवड्यातून एक दिवस तिला मोकळीक द्यावी. त्या दिवशी मुलाने स्वतः कूस बदलावी, कपडे धुवावेत. हे काम किती आहे ते त्याशिवाय कळत नाही.

अडचण आल्यास ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन मोफत आहे. पण तिथवर जाण्याची वेळ येऊ नये. भागीदारीचा करार दोस्तीत खोट आहे म्हणून लिहीत नाहीत, ती टिकावी म्हणून लिहितात. आईवडिलांच्या सांभाळाचा कागदही तसाच समजावा.