गुण आला, पण कशाने?

मे २०२१ च्या पहिल्या पंधरवड्यात गोव्यातील घराघरांवर मृत्यूचे जे सावट होते, त्याची आठवण कोणाला नव्याने करून द्यावयास नको. त्याच दिवसांत, १० मे रोजी, राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले की, अठरा वर्षांवरील प्रत्येक नागरिकास, लागण झालेली असो वा नसो, आयव्हरमेक्टिन या जंतांवरील औषधाच्या गोळ्या पाच दिवस देण्यात येतील. परदेशांतील काही अभ्यासांचा हवाला त्यासाठी देण्यात आला होता. हे औषध करोनासाठी केवळ चाचण्यांपुरते वापरावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधी मार्चमध्येच सांगितले होते. शासनाच्या हेतूविषयी आम्ही तेव्हाही शंका घेतली नाही व आजही घेत नाही. माणसे डोळ्यांदेखत जात असताना हाती येईल ते द्यावे, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु पुढे ब्राझीलमध्ये १३५८ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली आणि २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा या गोळ्यांमुळे रुग्णालयात जाण्याची पाळी टळते असे काही आढळले नाही. तरीही 'आम्ही गोळ्या घेतल्या, आम्हांला काही झाले नाही' असे छातीवर हात ठेवून सांगणारी मंडळी आजही भेटतात. ती खोटे बोलत नाहीत. प्रश्न एवढाच की, त्यांना गुण आला तो कशाने?

या प्रश्नाचे उत्तर ज्या एका भेदावर अवलंबून आहे तो आपल्याकडे सुशिक्षितांनाही नीटसा ठाऊक नसतो. निरीक्षण वेगळे आणि प्रयोग वेगळा. लोक आपापल्या मर्जीने जे करीत आहेत ते पाहून नोंदवणे हे निरीक्षण. कोणी काय करावयाचे, हे त्यांच्या मर्जीवर न सोडता ठरवून देणे आणि मग काय होते ते पाहणे हा प्रयोग. वाचावयास हा फरक क्षुल्लक वाटतो. तो किती खोल आहे हे पाहण्यासाठी आपल्याच किनाऱ्यावरचा सव्वाशे वर्षांपूर्वीचा इतिहास पुरेसा आहे.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी तेथे लस सिद्ध केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा कैद्यांपुढे ठेवली. जवळजवळ निम्म्या कैद्यांनी ती स्वेच्छेने घेतली. न घेतलेल्यांपैकी बारा जण आजारी पडून सहा दगावले. घेतलेल्यांत दोघेच आजारी पडले आणि मृत्यू एकही झाला नाही. त्याच वर्षी पोर्तुगीज अमलाखालील दमणमध्ये तर याहून डोळे दिपवणारे आकडे निघाले. तेथील एका भागाची वस्ती ८२३० होती. लस घेतलेल्या २१९७ जणांपैकी ३६ मरण पावले. न घेतलेल्या ६०३३ पैकी १४८२. एकीकडे शंभरांत दोनसुद्धा नाहीत, दुसरीकडे शंभरांत सुमारे पंचवीस!

एवढ्यावर खटला निकालात निघाला, असे कोणासही वाटेल. आम्हांसही प्रथमदर्शनी तसेच वाटले. पण दमणमध्ये लस घेणारे ते २१९७ लोक कोण होते? जे सावध होते, ज्यांची घरे हवेशीर होती, ज्यांना डॉक्टरपर्यंत जाण्याची हिंमत आणि सवड होती, तेच अधिक पुढे आले असतील तर? ज्याच्या अंगात आधीच ताप भरला होता, तो लस टोचण्यास चालत आला असेल काय? आणि साथीच्या पहिल्या लाटेत जो गेला, त्याला लस घेण्याची संधी तरी कोठे मिळाली? तो आपोआप 'न घेतलेल्यां'च्या खाती जमा. भायखळ्यातही हीच अडचण आहे. डॉक्टरच्या हातात पिचकारी आहे म्हणून तो प्रयोग होत नाही. कैद्यांची वाटणी कैद्यांनी स्वतःच केली होती. तेव्हा दोन गटांतील फरक लसीचा की माणसांचा, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

हाफकिन यांचे मोठेपण असे की, ही अडचण त्यांनी ओळखली. १८९८ च्या आरंभी मुंबईच्याच उमरखाडी तुरुंगात कैद्यांना रांगांनी बसवून एकाआड एकास लस टोचण्यात आली. शूर कोण, भित्रा कोण, धडधाकट कोण, हा विचारच नाही. न टोचलेल्यांत दहा आजारी व सहा मृत्यू. टोचलेल्यांत तीन आजारी व मृत्यू शून्य. त्यानंतर फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंढेरा गावी ते गेले. तेथे प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना लस देण्यात आली आणि निम्म्यांना नाही. एकच घर, एकच चूल, उंदीरही तेच. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांतील न टोचलेल्या ६४ माणसांपैकी २६ मेली. टोचलेल्या ७१ पैकी ३. आकडे दमणपेक्षा कितीतरी लहान आहेत. पण पुरावा म्हणून उंढेऱ्याचे वजन दमणपेक्षा जास्त आहे. संख्या मोठी म्हणजे पुरावा मोठा, या आपल्या नेहमीच्या समजुतीला येथे तडा जातो. उंढेऱ्यातही निवड डॉक्टरांच्या नजरेनेच झाली होती, हे वैगुण्य आहेच. शिवाय बंदिवानांवर केलेल्या प्रयोगाला आजच्या नीतीने मान्यता मिळाली नसती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

ही नजरसुद्धा काढून टाकण्याची युक्ती आपल्या वाडवडिलांना अपरिचित नव्हती. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी होते तेव्हा पंच मंडळी चिठ्ठ्या टाकतात आणि घरातील सर्वांत लहान मुलाला उचलावयास सांगतात. का? तर कोणत्याही भावाचा हात त्या वाटणीत असू नये म्हणून. संख्याशास्त्रातील सोडत ती हीच. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध इतके अपुरे होते की सर्वांना देणे शक्यच नव्हते. म्हणून ते कोणास द्यावयाचे हे सोडतीने ठरले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ आणि न मिळालेल्या ५२ पैकी १४ रुग्ण दगावले. वाद घालावयास जागाच उरली नाही.

उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे अमेरिकेतील निरीक्षणांवरून वर्षानुवर्षे मानले जात होते व लाखो स्त्रिया त्या घेत होत्या. पुढे सोडतीने निवडलेल्या १६,६०८ स्त्रियांवरील चाचणी जुलै २००२ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. कारण गोळ्या घेणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाचे आणि हृदयविकाराचेही प्रमाण वाढलेले आढळले. आधीच्या निरीक्षणांतील स्त्रिया मुळातच अधिक सुस्थितीतील आणि प्रकृतीस जपणाऱ्या होत्या, हे त्यामागचे एक प्रमुख कारण मानले जाते.

याचा अर्थ निरीक्षण टाकाऊ, असा कोणी काढील तर तो मोठा प्रमाद ठरेल, आणि असा अर्थ मुद्दाम काढणारे हितसंबंधी काही थोडे नाहीत. चिठ्ठ्या टाकून कोणाला वीस वर्षे विड्या ओढावयास लावता येत नाही. डॉल आणि हिल यांनी १९५० साली धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला तो निरीक्षणानेच. 'हे केवळ निरीक्षण आहे' एवढ्या एका वाक्याच्या आड तंबाखू कंपन्या पुढे कित्येक वर्षे लपून बसल्या, आणि दुर्दैवाने फिशर यांच्यासारखा थोर संख्याशास्त्रज्ञ, ज्याने सोडतीचे शास्त्र रचले, तोही या बाबतीत संशयवाद्यांच्याच बाजूला राहिला. डॉल-हिल टिकले ते निरनिराळ्या लोकांत, निरनिराळ्या रीतींनी तेच तेच उत्तर येत राहिले म्हणून. आमच्या खाणपट्ट्यातील गावकऱ्यांनाही उद्या कोणी 'प्रयोग करून सिद्ध करा' म्हणू लागला, तर त्याला विचारावे लागेल की, कोणत्या गावाने धूळ खायची याच्या चिठ्ठ्या तू टाकणार आहेस काय?

या संदर्भात आम्हां वृत्तपत्रांनाही आपल्या पदराखाली काय झाकले आहे ते पाहावे लागेल. अमुक फळ खाणारे दीर्घायुषी होतात, कॉफी पिणाऱ्यांचे यकृत शाबूत राहते, अशी वृत्ते आम्ही चौकटीत छापतो. त्यांपैकी बहुतेक निरीक्षणे असतात. मथळा मात्र प्रयोगाचा असतो. 'खाणाऱ्यांत आढळले' आणि 'खाल्ल्याने होते' ही दोन वाक्ये एक नव्हेत, एवढे भान रात्रपाळीच्या उपसंपादकाने ठेवले तरी वाचकांवर उपकार होतील.

आता पुन्हा त्या गोळ्यांकडे. सर्वांना द्यावयाच्या औषधाला तुलना राहत नाही. तो प्रयोग नव्हे आणि धड निरीक्षणही नव्हे. मे २०२१ मध्ये या औषधाचा उपयोग आहे की नाही हे साऱ्या जगाला हवे होते. बारा तालुक्यांचे हे आटोपशीर राज्य असताना, रुग्णांची संमती घेऊन, निम्म्यांना ती गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी सोडतीने देता आली असती, आणि काही आठवड्यांत गोव्याने जगाला उत्तर दिले असते. चिठ्ठ्या टाकावयास एक दिवसही लागला नसता.