फिल्टर दुर्बिणीच्या तोंडाशीच

ग्रहण जवळ आलं की फोन सुरू होतात. "काका, घरात दुर्बीण आहे, सूर्य बघायला कोणता फिल्टर घेऊ?" मी उलट विचारतो, दुर्बीण भिंगाची की आरशाची? आणि तिच्याबरोबर 'सन' लिहिलेली छोटी काळी काच आली आहे का? आली असेल तर ती आधी फोडून टाका. कुणाला देऊसुद्धा नका.

ही काच आयपीसला आट्यांवर बसते. म्हणजे दुर्बिणीने गोळा केलेलं सगळं ऊन एकवटून तिच्यावर येतं. माझ्या सहा इंची आरशावर भर दुपारी साधारण १८ वॅट ऊर्जा पडते. मी टूलरूममध्ये आयुष्य काढलं, एवढ्या वॅटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने आम्ही डाग द्यायचो. काच तडकली की पुढे थेट डोळा. नेत्रपटलाला वेदना होत नाहीत, त्यामुळे भाजतंय हे तेव्हा कळतही नाही. ग्रहणाचा चष्मा लावून आयपीसमधून बघणंही तितकंच घातक. तो नुसत्या डोळ्यांसाठी असतो.

तेव्हा ऊन नळीत शिरण्याआधीच अडवायचं. त्यासाठी माझी पसंती बाडर या जर्मन कंपनीच्या अ‍ॅस्ट्रोसोलर फिल्मला. साधारण ए-फोर आकाराचा कागद मिळतो, सहा इंची तोंडाला पुरतो. घेताना आकडा वाचा. ५.० म्हणजे लाखातला एकच भाग प्रकाश आत येतो, ही डोळ्यांनी बघायची. ३.८ ची फक्त फोटोसाठी, तिला डोळा लावायचा नाही.

पुठ्ठ्याच्या दोन कड्या कापा, मधे फिल्म ठेवून दुतर्फी टेपने चिकटवा. ती ताणू नका. थोड्या सुरकुत्यांनी प्रतिमा बिघडत नाही, ताणल्याने बिघडते. आम्हा फिटर लोकांना हे पटायला जड जातं! कडेला पुठ्ठ्याची पट्टी लावून टोपण नळीवर घट्ट बसवा, वर चिकटपट्टी हवीच. गच्चीवरचा वारा कधी टोपण उडवील, सांगता येत नाही. दर वेळी आधी फिल्म दिव्यासमोर धरा. भोक किंवा ओरखडा दिसला तर ती बाद.

काचेचे फिल्टर टिकाऊ, पण बहुतेकांतून सूर्य नारिंगी दिसतो. मला फिल्ममधला पांढरा आवडतो. सौरडागाचा काळा गाभा आणि भोवतीची करडी कड त्यात स्वच्छ सुटी दिसते. हर्शेल वेज, म्हणजे बहुतेक ऊन बाजूला वळवणारा प्रिझम, उत्तम, मात्र फक्त भिंगाच्या दुर्बिणीला. हायड्रोजन-अल्फा फिल्टर ६५६.२८ नॅनोमीटरचाच लाल प्रकाश सोडतो, त्यातून सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला दिसतात. त्याची किंमत ऐकलीत तर दुसरी दुर्बीणच घ्याल.

फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी नळी, एक तर झाका, नाहीतर काढून ठेवा. तोही दुर्बीणच आहे, आणि मुलं आधी त्यालाच डोळा लावतात. नेम सावलीवर धरायचा: नळीची सावली सर्वांत आखूड झाली की सूर्य समोर आला.

२ ऑगस्ट २०२७ ला मुंबई-पुण्यातून दुपारनंतर खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळ्यातलं, त्यामुळे दिसेल तेव्हा खरं. फिल्म मात्र आत्ताच मागवा आणि ग्रहणाआधी चार निरभ्र सकाळी सौरडाग बघून हात बसवून घ्या.