स्टँडिंग लाईन, स्लीपिंग लाईन

प्रार्थनेला टीचर मुलांकडे पाठ करून उभ्या राहिल्या, तेव्हा मला नवल वाटलं. वसईतल्या एका कॅथलिक शाळेच्या ज्युनिअर केजीत मी डिसेंबरचे काही दिवस मागे बसून काढले, त्यातला हा पहिला. कारण लगेच कळलं. समोर तोंड करून उभं राहिलं, तर चार वर्षांचं मूल आरशासारखं करतं. टीचरांचा उजवा हात उठला की त्याचा डावा. आणि क्रुसाची खूण उजव्या हातानेच करायची: कपाळ, छाती, मग डावा खांदा, मग उजवा. एकाचा तरीही डावाच हात वर गेला. शेजारची मुलगी कुजबुजली, “प्रसाद घेतो ना, तो हात!” तिच्या घरी क्रूस नाही, देव्हारा आहे. ती स्वतः फक्त हात जोडून उभी होती.

असे हात जोडणारे वर्गात बरेच. राज्यघटनेच्या कलम २८ नुसार मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षण देता येत नाही. म्हणून मोठ्या वर्गांत कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात, बाकीची मूल्यशिक्षणाला. केजीत सगळी एकत्रच.

मग पाटी. उभी रेघ म्हणजे स्टँडिंग लाईन, आडवी ती स्लीपिंग लाईन, तिरपी ती स्लँटिंग. टीचर आधी हवेत बोट फिरवायला लावतात, मग रव्याच्या ताटात, आणि पाटी सगळ्यात शेवटी. बोटांत जोर यायच्या आधी पेन्सिल दिली की मनगट आखडतं. पण पालकांना पहिल्या महिन्यापासून भरलेली वही हवी असते. ही घाई मला अन्यायाची वाटते. रव्यात रेघ मारताना एका मुलाने भिंतीकडे पाहिलं आणि तो ओरडलाच, “टीचर, एक स्टँडिंग, एक स्लीपिंग!” भिंतीवर क्रूस होता. टीचरांनी त्यावर काहीही शिकवलं नाही. “बरोबर,” एवढंच म्हणाल्या. त्यांचं ते थांबणं मला फार आवडलं.

या वयात पापपुण्य समजावत बसायचं नाही, ही समज चर्चमध्येही जुनी आहे. चर्चच्या कायद्यात सात वर्षांखालच्या मुलाला स्वतःच्या कृत्याला जबाबदार धरत नाहीत. पहिला कम्युनियनसुद्धा त्या सुमाराला. रोममध्ये १९५४ साली सोफिया कावालेत्ती आणि जियान्ना गोब्बी यांनी माँटेसरी पद्धतीने लहानग्यांना धर्म शिकवायला सुरुवात केली. तीन ते सहा या वयासाठी त्यांनी मध्यभागी ठेवला तो चांगला मेंढपाळ, प्रत्येक मेंढराला नावाने हाक मारणारा. वागणुकीचे धडे त्यांनी पुढच्या वयासाठी राखले.

इथे मेंढपाळाची ती गोष्ट हजेरीला जोडलेली होती. लोकरीची मेंढरं मोजून झाली, एक हरवलं, सापडलं. लगेच टीचरांनी विचारलं, “आज आपल्यातलं कोण नाही?” मुलं माना वळवून रिकाम्या खुर्च्या शोधू लागली. एकाला ताप होता, एक गावी गेली होती. दोघांची नावं घेऊन प्रार्थना झाली, डोळे मिटून, जेमतेम अर्धा मिनिट. घरी कोणती बोली बोलतो, कुठला सण करतो, याने त्या अर्ध्या मिनिटात काही फरक पडला नाही. केजीत शिकण्यासारखं याहून मोठं काही मला तरी दिसलं नाही.

नाताळाआधीचा आगमनकाळ चालू होता. कोपऱ्यातल्या गोठ्यात गव्हाणी रिकामी होती, बाजूला भाताच्या पेंढ्याची जुडी. कुणाला मदत केली, डबा वाटून खाल्ला, की एक काडी गव्हाणीत ठेवायची. बाळ येशूला अंथरूण मऊ व्हायला हवं. चांगुलपणाचा हिशेब होईल, अशी धास्ती मला वाटली होती. पण काडी कशासाठी ठेवली, हे टीचर विचारत नाहीत आणि कुणाच्या किती हेही मोजत नाहीत.

शेवटच्या दिवशी त्या प्रसादवाल्या मुलीने काडी ठेवली, मग उचलून गालाला लावून पाहिली. “टोचते,” म्हणाली. खाली बसून ती दोन्ही तळव्यांत बराच वेळ चोळत राहिली. मागे रांग थांबलेली. टीचरांनी तिला घाई केली नाही.